‘वाहक’ म्हणजे कंडक्टर?

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन पोस्टरं शेजारीशेजारी लावलेली होती. डावीकडचं मलेरियाचं. त्यावर भलामोठा डास आणि खाली ओळ : ‘डास हा रोगाचा वाहक आहे.’ उजवीकडचं सिकलसेलचं. त्यावर आई, वडील आणि चार मुलांची चित्रं, काही अर्धी रंगवलेली, काही कोरी, आणि खाली : ‘आपण सिकलसेल वाहक आहात का? आजच तपासणी करा.’ त्या व्हरांड्यातून मी दिवसातून चार वेळा तरी जायचो. वर मराठीच शिकवतो. दोन्ही ओळींत एकच शब्द दोन अगदी वेगळ्या अर्थांनी आला आहे, हे माझ्या कधी लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते आठवीतल्या एका पोरामुळे. आरोग्य पथक शाळेत आलं, मुलांच्या बोटांतून रक्ताचे थेंब घेतले, काही जणांचं पुन्हा शिरेतून रक्त घेतलं आणि काही आठवड्यांनी कागद आले. या पोराच्या कागदावर होतं, ‘सिकलसेल वाहक’. मधल्या सुट्टीपर्यंत तो वर्गाचा कंडक्टर झाला होता. आपल्याकडे वाहक हा शब्द माणसाला भेटतो तो एसटीत. चालक पुढे, वाहक मागे. पोरं त्याच्या बाकापाशी येऊन डबल बेल मारत होती, ‘एक हाफ सौंदड’ म्हणून हात पुढे करत होती. तोही हसत होता. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

घरी मात्र त्याच्या आजीनं त्याचं ताट वेगळं केलं. पेला वेगळा, अंथरूण वेगळं. चार दिवसांनी तो डबा न आणता शाळेत यायला लागला तेव्हा मी विचारलं आणि मग आजीलाच बोलावून घेतलं. तिला वाचता येत नाही, पण मलेरियाचा कार्यक्रम तिनं ऐकला होता. ती म्हणाली, “गुरुजी, डास वाहक हाय, तो चावला का ताप येते. माहा नातू वाहक हाय असा तुमचाच कागद म्हनते. मंग त्याचं उष्टं खाल्लं तं आमाले नाई होनार का?”

या तर्कात चूक कुठे आहे ते मला दाखवा. शब्द आम्ही दिला, अर्थ आम्ही शिकवला, तिनं फक्त दोन आणि दोन चार केले. मी रक्तपेशी, जनुक, आनुवंशिकता असं काहीबाही बोलत राहिलो. ती मान डोलावत राहिली. शिक्षकाला ती मान ओळखता येते. न समजलेल्या माणसाची मान जास्त डोलते.

हा प्रश्न सोडवला तो गावातल्या आशाताईनं. दाराशी उभ्या उभ्या तिनं आजीला विचारलं, “माय, याचं नाक कोनासारखं हाय?” आजी म्हणाली, माझ्यासारखं. “मंग ते का तुहं उष्टं खाऊन भेटलं त्याले?” आजी हसायला लागली. त्या रात्री ताट पुन्हा एकत्र आलं. माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाची किंमत मला त्या दिवशी कळली.

*

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक मोरगावची आणि एक सडकेची. आमची सडकेची. नागपूरहून रायपूरला जाणाऱ्या हमरस्त्यावरची, म्हणून सडक अर्जुनी. आजूबाजूला धानाची शेतं, तलाव आणि नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल. माझ्या एका वर्गात झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी वळणाची हिंदी आणि आमच्या मोहल्ल्याची ना धड उर्दू ना धड हिंदी, एवढ्या बोली बसलेल्या असतात. आरोग्याचा कागद मात्र येतो तो यांपैकी कुणाच्याच भाषेत नसतो. तो सरकारी मराठीत असतो, आणि ती पुण्याच्या माणसाचीही घरची भाषा नाही.

सिकलसेल हा या भागाचा जुना सोबती. रक्तातली तांबडी पेशी एरवी गोल आणि मऊ असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, कडक होते, बारीक नसांत अडकते. जिथे अडकते तिथे दुखतं, असं दुखतं की मोठा माणूस जमिनीवर लोळतो. शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० मध्ये या पेशींचं पहिलं वर्णन केलं. मध्य भारतातल्या सिकलसेलवर नागपूरच्या डॉक्टरांचा लेख ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात १९५८ मध्ये आला. म्हणजे विज्ञानाला आपल्याकडचा हा आजार साठ वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. एवढ्या काळात आपल्याला त्याला एक घरगुती नाव देता आलं नाही! पश्चिम आफ्रिकेतल्या लोकभाषांत या दुखण्याला जुनी स्वतःची नावं आहेत. आपल्याकडे विळा प्रत्येकाच्या घरात, धान कापायला हातात, आणि आजाराचं नाव मात्र ‘सिकलसेल’. मी अनेकांना विचारलं, सिकल म्हणजे काय? कुणी म्हणालं ‘सिकणं’, म्हणजे शिकण्याशी संबंधित काहीतरी, शाळेत तपासतात ना. एकानं तर ‘सायकल’ सांगितलं.

नाव नाही म्हणून आजार ओळखता येत नाही. तान्ह्या बाळाची हातापायाची बोटं सुजतात. घरात म्हणतात, थंडी लागली. डोळे पिवळे होतात. म्हणतात, कावीळ, आणि झाडफूक करणाऱ्याकडे नेतात. सांधे दुखतात, म्हणतात, वात. पानथरी वाढून पोट पुढे येतं, म्हणतात, जंत. ही चारही लक्षणं घरच्या माणसाला दिसतात, त्यांना नावंही आहेत. पण ती एका ओळीत मांडून ‘हे सगळं एकाच पोराला होत असेल तर रक्त तपासा’ असं सांगणारं पोस्टर मी अजून पाहिलेलं नाही. पोस्टरवर असतं : ‘सिकलसेल हा एक आनुवंशिक रक्तदोष आहे.’

आता कुणी म्हणेल, मुसलमानांसाठी उर्दूत छापा म्हणजे झालं. तोही प्रयोग मी पाहिला आहे. एक उर्दू पत्रक आमच्या घरी आलं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘मौरूसी मर्ज’. मी अम्मीला वाचून दाखवलं. अम्मी म्हणाली, “मौसी का मर्ज? कौन सी मौसी?” आनुवंशिकचं मौरूसी झालं. लिपी बदलली, माणूस होता तिथेच. अम्मीला ‘माँ-बाप से आया हुआ’ म्हटलं असतं तर एका दमात कळलं असतं, आणि आशाताईच्या आजीला ‘मायबापाकडून आलेलं’. भाषांतर करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मूळ कागद असतो, ऐकणारी बाई नसते. दोन्ही भाषांत दोष तोच.

*

इथवर मी दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता माझी.

माझी एक फुफेरी बहीण आहे, फूफीची धाकटी मुलगी. मला भाईजान म्हणते. तिचा निकाह खानदानातच झाला. पहिला मुलगा आठ महिन्यांचा असताना त्याची बोटं सुजली, मग वर्षभर हा दवाखाना, तो हकीम, आणि शेवटी नागपुरात निदान झालं : सिकलसेल. नवरा-बायको दोघेही वाहक. खानदानात शिकलेला म्हणून कागद माझ्याकडे आले. मी ते वाचले, सोबतचं पत्रक वाचलं आणि त्यांना सांगितलं, “दोघं वाहक असतील तर चारांतल्या एका मुलाला हा आजार होतो.”

माझा मेहुणा हिशेबाचा पक्का माणूस. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मतलब एक तो हो गया. अब जो होंगे, ठीक होंगे.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. गप्प राहिलो, कारण त्या क्षणी मलाही ते पटलं होतं. पत्रकावरही चार मुलांचं चित्र होतं : एक पूर्ण रंगवलेलं, दोन अर्धी, एक कोरं. चित्र पाहिलं की कुणालाही हाच अर्थ लागेल, की चार होतील, त्यात एक असा, दोन तसे. आणि तो एक तर येऊन गेला होता.

तीन वर्षांनी तिला मुलगी झाली. तिच्याही कागदावर तेच आलं. दवाखान्याच्या बाकावर बहीण माझ्याकडे बघत म्हणाली, “भाईजान, आप तो बोले थे, चार में एक.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी हा हिशेब नीट शिकलो, आणि तो इतका सोपा निघाला की लाज वाटली. छापा-काटा. वाहक माणसाकडे एक नाणं आहे असं समजा : छापा म्हणजे चांगला अंश, काटा म्हणजे विळ्याचा. प्रत्येक मुलाच्या वेळी आई आपलं नाणं उडवते, बाप आपलं. दोन्हींवर काटा आला तर मूल आजारी. एकावरच काटा आला तर मूल वाहक, म्हणजे आईबापांसारखंच, धडधाकट. दोन्हींवर छापा आला तर मूल पूर्ण मोकळं. आणि पुढच्या मुलाच्या वेळी नाणी पुन्हा उडवायची. नाण्याला मागचं आठवत नाही. मागच्या वेळी काटा आला म्हणून या वेळी तो छापा देत नाही. क्रिकेटचा टॉस बघणाऱ्या कुठल्याही पोराला हे सांगावं लागत नाही. ‘प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि माझ्या मेहुण्याच्या बाबतीत शंभर टक्के निरुपयोगी होतं.

आणखी एक गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती, मी तर नाहीच, कारण मलाच माहीत नव्हती. दिवस गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच पोटातल्या बाळाला हा आजार आहे का, हे तपासता येतं. कागदावर त्याला ‘प्रसवपूर्व निदान’ म्हणतात. प्रसव हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही, ‘जचगी’ म्हणतात, ‘डिलिव्हरी’ म्हणतात. तपासणीनंतर तिनं काय केलं असतं, हा तिचा आणि तिच्या नवऱ्याचा प्रश्न. आलिमांनी या विषयाकडे पाठ फिरवली आहे असंही नाही. मक्केच्या फिकह परिषदेनं १९९० मध्ये, गर्भात बरं न होणारं गंभीर व्यंग असल्याची डॉक्टरांच्या समितीनं खात्री केली आणि आईबापांनी मागणी केली, तर १२० दिवसांच्या आत गर्भपाताची वाट मोकळी ठेवली. सिकलसेल त्यात बसतो का, यावर आलिम आणि डॉक्टर बोलतील. पण विचार करायला आधी कळायला तर हवं. बहिणीला तो विचार करण्याची पाळीच आली नाही.

*

मोहल्ल्यात आजही ऐकू येतं, “ये अपने में नहीं होता.” हा त्यांचा आजार आहे. त्यांचा म्हणजे कुणाचा, ते मी इथे लिहीत नाही. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. याचा दोष काही प्रमाणात संदेशांकडेही जातो. ‘अमुक जाती-जमातींमध्ये आढळणारा आजार’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. आकडेवारी म्हणून ते चूक नाही. आदिवासी आणि काही दलित व मागास समाजांत त्याचं प्रमाण जास्तच आहे. पण ऐकणाऱ्या दोघांनी त्यातून दोन वेगळ्या गोष्टी घेतल्या. ज्याचं नाव आलं त्यानं अपमान घेतला, ज्याचं आलं नाही त्यानं सुटका घेतली. तपासणीला दोघेही आले नाहीत.

मी आता कारण सांगतो. जिथे शेकडो वर्षं जहरी मलेरिया होता तिथे हा विळा टिकला. अँथनी अॅलिसन या संशोधकानं १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की वाहक माणसाला त्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणजे एकच काटा असेल तर तो तापात तारतो, दोन झाले तर मारतो. आपली जंगलं, आपले तलाव, आपला मलेरिया, म्हणून आपल्याकडे विळा. यात जात नाही, भूगोल आहे. हे सांगितल्यावर म्हातारी माणसं मान डोलावत नाहीत, प्रश्न विचारतात. तेव्हा मला कळतं की पोहोचलं.

मोहल्ल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे आणि ती मी मुद्दाम सांगतो. सिकलसेलच्या जनुकाचे जगात काही ठळक प्रकार आहेत. त्यातल्या एकाचं नावच ‘अरब-भारतीय’ आहे. विदर्भात, ओडिशात, गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात जो सापडतो, तोच सौदी अरेबियाच्या पूर्वेकडे कतीफ आणि अल-अहसाच्या खजुरांच्या बागांमध्ये सापडतो. ‘त्यांचा’ आजार थेट अरबस्तानात निघाला म्हटल्यावर चहाच्या टपरीवर जो शांतपणा पसरतो, तो मला फार आवडतो.

सौदीनं यावर काय केलं तेही ऐकण्यासारखं आहे. २००४ पासून तिथे निकाहापूर्वी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची झाली. सक्ती तपासणीची, निकालाची नाही. कागद बघून लग्न करायचं की नाही हे त्या दोघांनी ठरवायचं. सुरुवातीला दोघंही वाहक निघालेल्या जोडप्यांपैकी दहातल्या जेमतेम एकानं बेत बदलला. २००९ पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर आलं. सुरुवातीला का नाही बदलला? याचं एक कारण आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगायला नको. तपासणी झाली तेव्हा लग्नाची तयारी झालेली होती. आपल्याकडे साक्षगंध झालं, मंगनी झाली, दावतीची देग ठरली, की कागदावर काही का येईना, ‘लोक काय म्हणतील’ त्याच्यापेक्षा मोठं असतं. म्हणून ‘विवाहपूर्व तपासणी’ हा शब्दच मला अडचणीचा वाटतो. तो माणसाला चुकीच्या वेळी जागा करतो. तपासणी शाळेत व्हावी, नववी-दहावीत, आणि रिश्त्याची बोलणी सुरू होण्याआधी घरात माहीत असावी, जसा रक्तगट माहीत असतो.

आणि इथेच त्या आठवीतल्या पोराची उरलेली गोष्ट सांगायला हवी. त्याची मोठी बहीण होती. पोराचा कागद गावभर झाल्यावर तिचं ठरलेलं साक्षगंध मोडलं. तिची स्वतःची तपासणी झालीच नव्हती. भाऊ वाहक म्हणून ती वाहक असेलच असं नाही. ती वाहक निघाली असती तरी समोरच्या मुलाला ना विळा, ना थॅलेसेमियाचा दोष, असं असेल तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार झाला नसता. मुलाकडच्यांनी एवढंच ऐकलं होतं की ‘सिकलसेलवाल्यांत सोयरीक करू नका.’ मुलाचं रक्त तपासा, असं तिच्या बापानं सुचवलं तेव्हा ते रागावून उठून गेले. संदेश ‘दोघांनीही तपासा’ असा होता. घरोघरी तो ‘पोरगी तपासून घ्या’ असा पोहोचला. हा फरक पोस्टर छापणाऱ्याला दिसत नाही, कारण त्या बैठकीत तो नसतो.

देशाचं सिकलसेल उच्चाटन अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन, असं त्याचं उद्दिष्ट. अभियान चांगलं आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. त्यामुळेच माझ्या शाळेत रक्त घ्यायला कुणीतरी आलं. पण उच्चाटन! मोडलेल्या साक्षगंधाच्या घरात हा शब्द मोठ्यानं वाचून बघा. कोणाचं उच्चाटन, असा प्रश्न तिथे बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसतो. ‘पॉझिटिव्ह’चंही तसंच. एकाला वाटतं पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, पास झालो. दुसऱ्याला एचआयव्ही आठवतो आणि तो कागद चुलीत घालतो. आणि पहिल्या चाचणीत नुसतं ‘पॉझिटिव्ह’ आलं की माणूस वाहक आहे की रुग्ण हेही ठरत नाही, त्यासाठी दुसरी तपासणी लागते. ती होईपर्यंतच्या आठवड्यांत घरात काय काय होतं ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

*

पोलिओच्या वेळी हे सगळं एकदा घडून गेलं आहे. २००२ मध्ये देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले, त्यातले बाराशेहून जास्त एकट्या उत्तर प्रदेशात, आणि त्यांत मुस्लिम मुलांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानानं फार मोठं. डोसानं मुलं पुढे नपुंसक होतात, अशी अफवा होती. पहिला सरकारी प्रतिसाद म्हणजे अजून पोस्टरं, अजून भोंगे. मग कुणीतरी दारामागच्या बायकांचं ऐकलं. त्या विचारत होत्या, आमची नाली तुंबलेली, दवाखान्यात डॉक्टर नाही, बाळंतपणाला कुणी येत नाही, आणि या दोन थेंबांसाठीच सरकार महिन्या-महिन्याला का येतं? प्रश्न शंकेचा होता, अडाणीपणाचा नव्हता. त्यानंतर अलीगढ आणि जामियासारख्या विद्यापीठांतली माणसं, मोहल्ल्यातल्याच बायका आणि मशिदीतले इमाम कामाला लागले. थेंबांसोबत इतर आजारांची आरोग्य शिबिरंही आली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

आपण त्यातून एवढंच शिकलो की मशिदीच्या भोंग्यावरून जाहीर करा. भोंगा म्हणजे पोस्टरच, फक्त आवाजाचं. इमामसाहेबांच्या हातात तोच ‘मौरूसी मर्ज’ दिला तर जुम्याला शंभर माणसं मिळून मान डोलावतील, एवढंच.

आजारी असलेल्यांना दिलेला सल्ला तर याहून गमतीचा. माझ्या हाती आलेल्या एका पत्रकात होतं, ‘उंच पर्वतावर जाणे टाळा.’ वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर. सडक अर्जुनीत कुणी त्याचा भंग करणार नाही. ‘भरपूर पाणी प्या’ हेही होतं, आणि तेच खरं महत्त्वाचं. पण जुलैत रोवणीला सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकलेली बाई मुद्दाम पाणी कमी पिते, कारण बांधावर आडोसा नाही. अंगावर पाऊस, पायाखाली गार पाणी, घशात पाणी नाही. दुखणं उसळायला याहून वेगळं काय लागतं? तिला सांगायला हवं की रोवणीच्या दिवसांत हे दुखणं येतं, दर थोड्या वेळानं दोन घोट घे, ओले कपडे बदल, आणि अंगात ताप असेल तर संध्याकाळची वाट न पाहता दवाखाना गाठ. विशेषतः लहान पोराचा ताप. विळ्याच्या पोराला ताप आला की तो इतरांच्या पोरासारखा ‘उतरेल उद्या’ म्हणून सोडायचा नसतो. एवढं एकच वाक्य घरोघरी नीट गेलं तर काही पोरं वाचतील. पत्रकात ते पर्वतानंतर सातव्या क्रमांकावर होतं.

हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीचंही असंच. दुखणं कमी वेळा यावं म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज घ्यायची असते. माझ्या भाच्याला ती सुरू झाली आणि बहिणीनं महिन्याभरात बंद केली, कारण दुखत नव्हतं. दुखत नाही तर गोळी कशाला? तिला कुणी विचारलंच नव्हतं की ही गोळी कशासाठी आहे असं तुम्हाला वाटतं. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, दर्द की. आणि तिथेच कळलं असतं.

मला वाटतं, सगळा फरक या एका प्रश्नात आहे. ‘समजलं का?’ विचारलं की माणूस ‘हो’ म्हणतो, विचारणाऱ्याचा मान राखतो. ‘घरी जाऊन आता काय सांगाल?’ विचारलं की आपल्या बोलण्याचं काय झालं ते समोर येतं. आशाताईला हे कुणी शिकवलेलं नाही, तरी ती तेच करते. पण तिच्या कागदांवर किती घरं झाली, किती पत्रकं वाटली, याला रकाने असतात. किती जणांनी परत बरोबर सांगितलं, याला नसतो. शाळेत मीही कितीतरी वर्षं पोरांना ‘समजलं का?’च विचारत आलो, तेव्हा फार मोठ्या तोंडानं बोलत नाही.

गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांना विचारून डासाचं पोस्टर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. सिकलसेलच्या पोस्टरवरच्या ‘वाहक’वर मी कागदाची पट्टी चिकटवली. त्यावर काय लिहायचं यावर स्टाफरूममध्ये दोन दिवस वाद झाला. ‘विळा बाळगणारा’ म्हटलं तर पोरं उद्या त्याला धानकापणीला बोलावतील, असं गणिताचे सर म्हणाले. शेवटी लिहिलं : ‘मायबापांपैकी एकाकडून विळा आलेला. आजारी नाही. दुसऱ्याला लागत नाही.’ मोठं झालंय, पट्टी पोस्टरच्या बाहेर जाते.

आशाताईनं आता मला एक पानभर मजकूर लिहून मागितला आहे, छापा-काट्याचा. पहिला मसुदा मी बसस्टँडवरच्या चहावाल्याला ऐकवला आणि म्हटलं, आता तुम्ही मला सांगा. त्यानं बरोबर सांगितलं, फक्त शेवटी म्हणाला, “म्हनजे काटा आला का पोरगी होते?” तिसरी ओळ पुन्हा लिहितो आहे.